पाय सैल सोडा

भरलेली बादली घेऊन मी जिना सरसर चढत असे. रिकामी बादली घेऊन उतरताना मात्र भिंतीला हात लावून, एकेक पायरी, दोन्ही पाय त्याच पायरीवर आणत, नुकतं चालायला लागलेल्या मुलासारखी उतरत असे. सीपरी बाजारातल्या आमच्या भाड्याच्या घरात नळ खाली होता आणि आम्ही वर. त्यामुळे माझा हा तमाशा दिवसातून सहा-सात वेळा व्हायचा, आणि जिन्याशेजारी शिलाईचं दुकान चालवणारे भैयाजी तो रोज बघायचे. "भाभीजी, दुनिया चढ़ने में थकती है, आप उतरने में थकती हैं," ते एकदा म्हणाले. मला राग आला. पण माझं मलाच ते कोडं सुटलेलं नव्हतं.

माझं माहेर नाशिककडचं. लग्न होऊन झाशीला आले तेव्हा कोळशाची इंजिनं होती आणि वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं. आमचे हे रेल्वेत होते. लांब दांड्याचा हातोडा घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि आवाजावरून चाक शाबूत आहे की तडकलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावरसुद्धा ते मडकं, नारळ, कलिंगड, जे हाताला लागेल ते ठोकून बघत.

सासरची माणसं मात्र झाशीची. कोण्या पूर्वजाने फौजेबरोबर येऊन इथे घर केलं, त्यानंतर महाराष्ट्र त्यांनी फक्त लग्नाच्या बोलणीपुरता पाहिला. सासूबाई भाजीवाल्याशी बुंदेली बोलत, शेजारणींशी हिंदी आणि देवाशी व माझ्याशी मराठी. पण ती मराठी माझ्या आजीच्याही आधीची. दोन हात रुंदीच्या आमच्या स्वयंपाकघराला त्या "मुदपाकखाना" म्हणत. मला पहिल्यांदा वाटलं, घरात अजून एखादी खोली आहे जी मला दाखवलेली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात माझी मंगळागौर झाली. झाशीतली मराठी घरं मोजकी. खंडेराव गेटकडच्या बायका पायी येणार आणि अंधाराआधी परतणार, म्हणून इथलं जागरण भर दुपारी व्हायचं. त्याला जागरणच म्हणायचं, यावर कोणी हसायचं नाही. त्या दिवशी वीस-पंचवीस जणी आल्या होत्या, आणि त्या सगळ्या मला बघायला आल्या होत्या. देशावरची सून! आता खरे खेळ बघायला मिळणार. सासूबाईंनी आठ दिवस आधी मला विचारलं होतं, "फुगडी येते ना गं तुला?"

मी "हो" म्हणाले.

मला फुगडी येत नव्हती. मी शाळा-कॉलेजात रमलेली मुलगी. आमच्याकडे हे खेळ मागे पडत चालले होते आणि मला त्याची खंतही नव्हती. गंमत अशी, की झाशीच्या बायकांनी ते सगळे, पिढ्यान्‌पिढ्या, गाण्यांसकट जपून ठेवले होते आणि वर त्यांना वाटत होतं की अस्सल माल माझ्याकडे आहे. त्या "हो"ची किंमत तेव्हा मला कळली असती, तर मी सरळ तोंडावर पदर घेऊन "नाही" म्हटलं असतं.

फुगडीला माझी जोडी सासूबाईंशी लागली. पन्नाशीची बाई, पण अंगाने वेताची काठी. त्यांनी हातांची अढी घातली, मागे झुकल्या आणि फिरायला लागल्या. फुगडीत पाय जोडून, चवड्यांवर, भराभर सरकवत राहायचे असतात. मी टाच टेकवली. खालच्या सतरंजीत उजवा पाय रुतला, अंग पुढे फिरून गेलं आणि पाय मागेच राहिला. गुडघ्याच्या आत काहीतरी "कट्‌" झालं. पहिल्यांदा दुखलंसुद्धा नाही, नुसतं विचित्र वाटलं. मी फिरतच राहिले, कारण सासूबाई फिरत होत्या. दोन फेऱ्या झाल्यावर पाय आपोआप दुमडला आणि मी खाली बसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी बसफुगडीला बसले.

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. सासूबाईंनी हळद-आंबेहळदीचा लेप घातला, घट्ट फडकं बांधलं, तीन आठवडे मला कामाला हात लावू दिला नाही. लेप घालताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतर सूज उतरली, दुखणं गेलं, मी चालायला लागले. "झालं बरं," त्या म्हणाल्या, आणि मलाही ते खरं वाटलं.

पण बरं झालं नव्हतं. सरळ चालताना काही नाही. गच्चीवर मी मुद्दाम या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा चालून पाही. गुडघा ठणठणीत. मग तुळशीपाशी वळायचं, आणि वळताना मांडी एकीकडे, नडगी दुसरीकडे, अशी क्षणभर फारकत होई. की लगेच सगळं जागच्या जागी. दुखत नसे. फक्त जमिनीवरचा विश्वास उडे. आणि दहादा वळलं की त्यातून दोनदाच व्हायचं, त्यामुळे मी कोणाला "हे बघा" म्हणून दाखवायला गेले की हटकून होत नसे.

सीपरी बाजारातल्या पहिल्या डॉक्टरांनी गुडघा दोन्ही बाजूंनी दाबला आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसरे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी फोटो काढायला लावला, तो उजेडाला धरला आणि म्हणाले, हाड एकदम साफ आहे. मग मला उताणं झोपवून, गुडघा उभा करून, माझ्या पावलावर ते चक्क बसले आणि दोन्ही हातांनी पोटरी धरली. "पैर ढीला छोड़िए."

आता सांगा! लग्नाला वर्ष न झालेली मी, परका पुरुष पावलावर बसलेला, पातळ मी दोन्ही मुठींनी गुडघ्याखाली ओढून धरलेलं, दारात सासूबाई उभ्या. आणि हा म्हणतो पाय सैल सोडा. मी "सोडलाय" म्हणाले. "और ढीला." मी आणखी आवळला. त्यांनी दोन-तीन हिसके दिले, मान हलवली आणि आमच्या ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं की गुडघ्यात काही दोष नाही, नवीन मुलगी आहे, माहेरची आठवण येत असेल.

"हाड शाबूत आहे, फोटोत दिसलं," हे घरी येऊन म्हणाले. चाक वाजलं, गाडी सोडा.

तेव्हापासून मी फार गोंधळले. डॉक्टर खोटं कशाला बोलतील? फोटो खोटं कसं बोलेल? म्हणजे मीच बोलत असणार. मी आळशी आहे का? पाणी भरायचं नको म्हणून माझं मन हे उद्योग करतंय का? पण मग भरलेल्या बादलीचं काय? कामचुकार बाई भरलेली बादली टाळेल, रिकामी कशाला टाळेल? मला माझं ढोंगसुद्धा नीट जमत नव्हतं.

सगळ्यात जास्त गोंधळ सासूबाईंमुळे होई. ती बाई वाईट नव्हती. मला ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसणारी. पण गुडघ्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा दगड होई. "काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले ना?" एवढंच. आणि शेजारणीने "बहू को क्या हुआ?" विचारलं तर माझ्याआधी उत्तर देत, "कुछ नहीं जी, आदत है." मला हे फार लागे. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत असे आणि प्रत्येक भांडण मीच जिंकत असे.

मग मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर गुडघा सुटला. मी कशीबशी भिंतीला पाठ घासत खाली बसले. काही झालं नाही, पण तिथे बसल्या बसल्या मला पुढचं सगळं स्वच्छ दिसलं. आज मूल पोटात आहे. उद्या हातात असेल. हातातलं मूल घेऊन मी या चौदा पायऱ्या कशी उतरणार? त्यानंतर मला बाळंतपणाची भीती उरली नाही, फक्त जिन्याची उरली.

आई माझी आधीच गेलेली, म्हणून बाळंतपण झाशीलाच झालं. मुलगी झाली. घरात आनंद. बारशाच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "सव्वा महिना झाला की सूनबाई बाळाला घेऊन देवाला जाईल. आमच्यात आईनंच न्यायचं असतं, स्वतःच्या हातांनी. उंबऱ्यापासून गाभाऱ्यापर्यंत मध्ये कोणी घ्यायचं नाही." बायका माना डोलवत होत्या. मी पाळण्याची दोरी धरून दिवस मोजायला लागले. मुलगी तीन किलोची सुद्धा नव्हती. बादलीपेक्षा कितीतरी हलकी. पण बादली भरून चढायची असते, हिला घेऊन उतरायचं होतं; नेमकी तीच भीती होती.

मी ह्यांना म्हणाले, मी नाही नेणार. हे म्हणाले, "अगं, स्वतःचं मूल!" त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरले नाही. त्यांना वाटलं, मला मूल नको आहे.

बाळंतिणीच्या मालिशीला एक म्हातारी यायची. बुंदेलखंडात काकूला कक्को म्हणतात, आम्ही सगळे तिला कक्कोच म्हणायचो. तिने आम्हाला दोघींना, आधी बाळाला मग मला, न्हाऊमाखू घालायचं. तिचे हात लाकडाच्या फळीसारखे खरखरीत, पण तेल कोमट करून ती ज्या संथपणे रगडायची, त्याने पहिल्या आठवड्यातच माझी लाज गळून पडली. बाळंतिणीला कसली लाज!

विसाव्या की बाविसाव्या दिवशीची गोष्ट. मुलगी रात्रभर रडली होती. मालिश चालू असताना मला गाढ झोप लागली. कक्कोची पद्धत अशी, की पोटऱ्या रगडताना ती गुडघा उभा करायची, पावलावर बसायची आणि दोन्ही पंजांनी पोटरी आपल्याकडे ओढत आणायची. डावी झाली. उजवी ओढली आणि तिचे हात थांबले. हात थांबल्यामुळेच मला जाग आली.

"काय बहू," ती म्हणाली, "जो घुटना तो सरकत है." हा गुडघा तर सरकतो.

मी ताडकन उठून बसले. तिने परत ओढून पाहिलं, तर काही सरकेना. "अब नईं सरक रओ," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या मांडीखाली हात घातला, मागच्या बाजूला, आणि चापटी मारली. "इतै तो लोहा बना कें बैठी हो. डरात काय हो? सो जाओ."

मी परत आडवी झाले. ती काहीतरी गुणगुणत मांडीची मागची बाजू चोळत राहिली. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तिने हलकेच ओढलं, आणि या वेळी मलाही कळलं. माझी नडगी, माझीच, टेबलाचा खण निघावा तशी बोटभर पुढे आली आणि परत गेली. तिने डावा पाय तसाच पाहिला. "दूसरो ऐसो नइयाँ." दुसरा तसा नव्हता.

मी रडायला लागले. कक्को घाबरली, तिला वाटलं दुखलं. दुखत नव्हतं. माझा गुडघा खरोखर खराब होता, आणि दोन वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता. असला आनंद व्हावा का माणसाला? पण झाला.

बाळंतीण घराबाहेर पडायची नाही, म्हणून ह्यांनी त्याच हाडांच्या डॉक्टरांना घरी आणलं. मालिशवालीच्या सांगण्यावरून यावं लागलं म्हणून ते जरा घुश्शातच होते. ते पावलावर बसले, मी परत पाय आवळला. तेव्हा कक्को माझ्या उशाशी येऊन बसली, डोक्यावर तेल थापलं आणि त्यांना म्हणाली, "तनक रुको डाक्टर साब." ते थांबले, हे त्यांचं मोठेपण. माझे डोळे मिटले. मग त्यांनी ओढलं. त्यांनी डावा गुडघा पाहिला, पुन्हा उजवा पाहिला.

"उस दिन मैंने घुटना नहीं, आपका डर देखा था," ते म्हणाले.

मग त्यांनी दोन मुठी एकावर एक ठेवून आम्हाला समजावलं. मांडीचं हाड नडगीवर नुसतं ठेवलेलं असतं, भांड्यावर भांडं ठेवावं तसं. त्यांना धरून ठेवतात चार पट्ट्या. दोन बाजूंना, त्या गुडघा आत-बाहेर झुकू देत नाहीत. दोन आत, एकमेकींना ओलांडून गेलेल्या. त्यांतली मागची नडगीला मागे जाऊ देत नाही आणि पुढची पुढे येऊ देत नाही, वळताना तोल तीच सांभाळते. माझी ही पुढची तुटली होती. फोटोत हाड दिसतं, या पट्ट्या दिसत नाहीत. सरळ चालताना तिचं काम फारसं पडत नाही. पायरी उतरताना मात्र सगळा भार एका पायावर येतो आणि नडगी पुढे सरकायला बघते, तिथे ती हवी असते. चढताना मांडीचे स्नायू निभावून नेतात. आणि मांडीच्या मागचे स्नायू कोणी घाबरून आवळून धरले, तर तुटलेल्या पट्टीचं कामही तेच करतात. मग ओढणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

म्हणजे ज्या भीतीने माझा गुडघा इतके दिवस धरून ठेवला होता, तिनेच माझं दुखणंही लपवलं होतं. मी तिचे आभार मानू की तिला शिव्या देऊ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"बरोबर आहे," आमचे हे मान हलवत म्हणाले. "चाक ठोकून वाजतं. पण दोन डब्यांची जोडणी ढिली असेल तर ती उभ्या गाडीत कळत नाही. झटका बसायला लागतो."

"हे तुम्हाला आज सुचलं?" मी म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, याचं ऑपरेशन मोठ्या शहरात होतं आणि तिथेही खात्री नाही. त्यापेक्षा घोट्याला वाळूची पिशवी बांधून मांडीचे स्नायू, विशेषतः मागचे, मजबूत करा. सहा महिने लागतील. तोवर वळताना अख्खं अंग वळवा. आणि मूल घेऊन जिना उतरू नका.

हे शेवटचं वाक्य मी सासूबाईंकडे बघत ऐकलं. त्या तिथे नव्हत्या. मुदपाकखान्यात होत्या, आणि डॉक्टर गेले तरी बाहेर आल्या नाहीत. मी उठून गेले. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या, चूल विझलेली.

"मला ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तो आवाज. कट्‌ झालेला. हातातून कळला मला. आणि तरी मी दोन फेऱ्या घेतल्या. खंडेराव गेटच्या सगळ्या बघत होत्या गं. माझी सून देशावरची, ती पहिल्या फेरीत थांबली असं मला नको होतं."

मला काय वाटलं ते खरं सांगते. त्यांच्या पाठीत दोन धपाटे घालावे असं वाटलं. दोन वर्षं मी स्वतःला खोटारडी समजत होते, आणि या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्रत्येक "काही झालेलं नाही" त्या मला नव्हे, स्वतःला सांगत होत्या. राग होता, दयाही येत होती, आणि त्याखाली माझी स्वतःची एक गोष्ट होती जी आता ओठांशी आली.

"आई, मला फुगडी येतच नव्हती," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं होतं."

त्या वळल्या. "ते मला पहिल्या गिरकीलाच कळलं होतं."

मी त्यांच्या शेजारी विझलेल्या चुलीपुढे बसले. आत मुलगी रडायला लागली तेव्हा दोघी एकदम उठलो.

सव्वा महिना झाला. सकाळी कक्कोने मुलीला न्हाऊ घातलं, मी नवीन पातळ नेसले. जिन्याच्या तोंडाशी आल्यावर सासूबाईंनी हात पुढे केले आणि मुलीला घेतलं. मी म्हणाले, "पण आईनंच न्यायचं ना? मध्ये कोणी घ्यायचं नाही."

"मी पण आईच आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या खांद्यावर हात ठेव."

त्या पुढे, मी मागे. माझा डावा हात भिंतीवर, उजवा त्यांच्या खांद्यावर. खाली शिलाईवाल्या भैयाजींनी मशीन थांबवून वर पाहिलं. रस्त्यात शेजारणी उभ्या होत्या, बाळ बघायला. एक पायरी, दुसरी. तिसऱ्या पायरीवर गुडघा सुटला. माझी बोटं त्यांच्या खांद्यात रुतली.

"सरकला?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हो."

खालून कोणीतरी ओरडलं, "क्या हुआ अम्माजी?"

"बहू का घुटना टूटा है, जी," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "हमसे टूटा है." आणि मुलीला छातीशी धरून त्या तिथेच, त्या पायरीवर, थांबल्या.